बिनशिवणीच्या टोप्या

१. गोंडे

चोराने टोप्या नेल्या, हे एक वेळ समजलं असतं. पण टोप्यांचे गोंडे परत आणून ठेवले, ते काही केल्या कोणाच्या डोक्यात शिरेना.

डॉक्टरीणबाईंनी खोकं भरण्यासाठी कपाट उघडलं, टोप्यांच्या थप्पीत हात घातला आणि "अगं बाई!" करून मागे सरकल्या. आम्हाला वाटलं, पाल. पाल नव्हती. टोप्यांची थप्पी निम्म्यावर आली होती आणि तिच्याशेजारी कागदाच्या पुडीत लोकरीचे गोंडे होते. नीट कापलेले, धुतलेले, कोंबडीच्या पिलांसारखे फुललेले.

आमचं ऊब मंडळ डॉक्टरांच्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत भरतं. दूर सरहद्दीवर बर्फात उभ्या असलेल्या मुलांसाठी आम्ही मोजे, मफलर, हातमोजे, टोप्या विणतो आणि महिन्यातून एका शुक्रवारी खोकं रवाना करतो. मी विणत नाही. माझा विणलेला मोजा एकदा डॉक्टरीणबाईंनी किटलीवर घालून बघितला, तेव्हापासून मी लोकरीचे गुंडे करून देते. त्यामुळे मला सगळ्या गुंडावाली म्हणतात. हात कामात आणि डोळे रिकामे, असं माझं एकटीचंच.

"मागच्या खेपेलाही टोप्या कमी भरल्या होत्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मोजे आहेत. मफलर आहेत. ही एवढी घोंगडी आहे, तिला हात नाही. टोप्याच कशा जातात? आणि त्यातही हिच्याच?"

'ही' म्हणजे औषधांच्या दुकानदाराची नवी सून. मंडळात सगळ्यांत उशिरा आलेली. आम्ही बाकीच्या टोपी दोन सुयांवर सपाट विणतो आणि मागून शिवतो, लवकर होते म्हणून. ही चार सुयांवर गोल विणते. शिवण नाही, गाठ नाही, आणि शेंड्यावर एक गोंडा.

"तुझ्याच टोप्या जातात गं नेहमी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "विणल्या होत्यास ना खरोखर?"

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. विचारलं आपलं. कपाटाची किल्ली खिळ्याला असते. परक्या कोणाला ते काय माहीत?"

सून आमच्याकडे बघू लागली. आम्ही सगळ्या आपापल्या सुयांकडे बघू लागलो. माझ्याकडे तर सुयाही नव्हत्या.

"खोकं आठवडाभर थांबेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुढच्या शुक्रवारपर्यंत उलगडा झाला नाही, तर मला हिच्या सासूबाईंच्या कानावर घालावं लागेल."

सुनेचा चेहरा उतरला. तिची सासू आम्हाला सगळ्यांना माहीत होती. त्या घरात चमचा हरवला तरी आधी हिचीच पिशवी उघडत.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. "आठवडा कशाला? चोर या खोलीतलाच आहे. गाडीतून उतरलेला नाही, म्हणजे सापडेल."

टीसी काकू उठल्या होत्या.

२. खिडकीबाहेर

टीसी काकूंनी सारी नोकरी रेल्वेत तिकिटं तपासण्यात घालवली. तिकीट नसलेला माणूस त्या चेहऱ्यावरून ओळखत. "तो झोपेचं सोंग घेत नाही, ते कच्चे लोक. तो खिडकीबाहेर बघतो. बाहेर अंधार असला तरी बघतो."

मंडळातही त्यांचा शब्द शेवटचा. दुहेरी लोकरीचा जाडजूड मोजा हा त्यांचा शोध. आम्ही त्याला टीसी-मोजाच म्हणतो. आमच्यातल्या एकीचा मुलगा सैन्यात जवान आहे; तो सुट्टीवर आला होता तेव्हा त्याने तो हातात घेऊन विचारलं होतं, "काकू, हा बुटात मावेल का?" काकू फटकन म्हणाल्या, "बूट सैल होतो रे, थंडी सैल होत नाही!" आम्ही टाळ्या वाजवल्या. डॉक्टरीणबाईंनी ते वाक्य कापडावर भरून चौकटीत टांगलं. त्याच भिंतीवर जवानाचा गणवेशातला फोटो आहे. त्याच्या आईला सगळ्या जवानाची आई म्हणतात, आणि पंख्याखालची खुर्ची तिची.

काकूंनी मला मदतनीस नेमलं. "तू बोलतेस कमी आणि बघतेस जास्त. चल."

आम्ही आधी सुनेकडे गेलो. ती औषधांच्या दुकानात मागच्या बाजूला बसून टोपीच विणत होती.

"गोंडा लावू नको म्हणून सांगितलंय ना तुला?" काकू म्हणाल्या. "हेल्मेटखाली काय करायचाय?"

"हेल्मेट काढून झोपतील तेव्हा घालतील ना," ती म्हणाली. "एकमेकांकडे बघून जरा हसतील. तेवढाच गोंडा." मग तिचे डोळे भरले. "काकू, मी कशाला नेऊ? मी तर सगळ्यांत जास्त विणते."

"सुया चांगल्या आहेत. कुठून आणल्यास?"

"आणल्या नाहीत. जवानाच्या आईंनी दिल्या. म्हणाल्या, चारही घेऊन जा, मला आता नकोत."

काकू 'हं' म्हणाल्या. रस्त्यात त्यांनी गोंड्यांची पुडी नाकाशी धरली, मग माझ्या नाकाशी. मलमाचा वास होता.

"औषधांचं दुकान," मी म्हणाले.

"किंवा दवाखाना. त्या खोलीत बसून माझ्या पदरालाही हाच वास येतो. वास सोड. चोराला काय नको होतं ते बघ. शिवण नको, गाठ नको, गोंडा नको. लोकर मात्र वाया घालवायची लाज वाटली, म्हणून गोंडे धुऊन परत. चोरी करताना लाज वाटते, असा चोर मी तरी गाडीत कधी पाहिला नाही."

तिथून शिंपीदादाचं दुकान. खोक्यावर गोणपाट शिवायला तोच येतो, त्यामुळे किल्लीचा खिळा त्यालाही ठाऊक. टोप्यांचं विचारलं तर तो मोकळेपणाने 'मला नाही माहीत' म्हणाला. मशीनवर एक पायजमा पसरलेला होता. एक पाय पुरता, दुसरा गुडघ्याच्या जरा खाली संपलेला.

"दादा, कात्री घसरली वाटतं," काकू हसल्या.

"घसरली नाही. मापानेच आहे." त्याने पायजमा घाईने दुसऱ्या कपड्याखाली सारला.

"कोणाचा आहे?"

"काकू, तुम्ही तिकिटं विचारा. गिऱ्हाइकाचं नाव विचारू नका."

आणि तो रस्त्याकडे बघू लागला. रस्त्यावर काहीच नव्हतं.

३. डोक्याला नाही टोचत

"तो काहीतरी लपवतोय," मी बाहेर येताच म्हणाले.

"लपवतोय. पण टोप्या नाही," काकू म्हणाल्या. "टोप्यांचं नाव निघालं तेव्हा माणूस बिनधास्त होता. पायजम्याला घाबरला."

दुसऱ्या दिवशी आम्ही मंडळाच्या खोलीत गेलो तेव्हा जवानाची आई एकटीच होती, पंख्याखाली, मफलर विणत. काकू तिच्यासमोर बसल्या. हातात आमची शिवणीची एक टोपी, चोराने सोडलेली.

"मोजे सोडलेस तू अगदी?"

"कंटाळा आला."

"मंडळात सगळ्यांत झपझप तूच विणायचीस. माझ्याहून."

"मफलर बरा. सरळ जातो."

"लेकाचा फोन?"

"तिकडे रेंज नसते." पूर्वी फोन आला की ती जिन्यातूनच ओरडत यायची, पोराने काय खाल्लं इथपासून सांगायची. हे बरेच दिवस झालं नव्हतं. आम्ही विचारलं नव्हतं. विणताना आम्ही जवानांबद्दलच बोलत असतो, पण याच्याबद्दल विचारायचं राहून गेलं.

काकूंनी टोपी पुढे केली. "मला एक सांग, चोराने ही का नेली नसेल?"

तिने सवयीने दोन बोटं टोपीत घातली, शिवणीवरून शेंड्यापर्यंत नेली आणि आतली गाठ दाबून बघितली.

"टोचते ना ही," ती म्हणाली.

"डोक्याला?"

सुया थांबल्या. 

"नाही," जवानाची आई म्हणाली. "डोक्याला नाही टोचत."

आणि ती पुन्हा विणू लागली. पण मी बघत होते. एक टाका सुटला, मग दुसरा, आणि तिने एकही उचलला नाही.

४. गुडघा

काकूंच्या घरी आम्ही चहा घेऊन बसलो. त्यांचा गुडघा जुना दुखरा आहे. बोलता बोलता त्यांनी ती शिवणीची टोपी गुडघ्यावर चढवली.

"बघ कशी बसली! आम्ही डोक्यासाठी विणतो आणि गुडघ्याला होते." त्या हसल्या आणि पाय दुमडला. "आई गं. ही गाठ मात्र बरोबर टोकाला टोचते."

मग त्या हसायच्या थांबल्या.

टोपीवरचा हात त्यांनी तसाच ठेवला. मी कप खाली ठेवला. बराच वेळ त्या गुडघ्याकडे बघत होत्या, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता.

"डोक्याला केस असतात," त्या हळूच म्हणाल्या. "डोक्याला शिवण टोचत नाही, ती खरं बोलली. शिवण कुठे टोचेल? जिथे कातडी नवी आहे. जिथे नुकतीच जखम भरलीय. टोपीचा शेंडा कोणाला लागेल? ज्याचं काहीतरी तिथेच संपतं, त्याला."

"काकू—"

"शिंपीदादाची कात्री घसरली नव्हती गं."

मला सगळं एकदम कळलं आणि कळायला नको होतं असं वाटलं. खरं तर तेव्हाच म्हणायला हवं होतं की, राहू द्या, आपण जायला नको. मी म्हणाले नाही. उलगड्याची मलाही हाव सुटली होती.

"जायला तर हवं," काकू चपला शोधत म्हणाल्या. "एकीकडे ही आई, आणि दुसरीकडे त्या पोरीची सासू. शुक्रवार थांबायचा नाही."

५. तिकीट

दार जवानाच्या आईने उघडलं. आमच्याकडे बघितलं, काकूंच्या हातातल्या गोंड्यांच्या पुडीकडे बघितलं आणि बाजूला झाली.

मागच्या खोलीत पडदे ओढलेले होते. जवान खुर्चीत बसला होता, कुबड्या भिंतीला टेकलेल्या. डावा पाय गुडघ्याखाली वीतभर, आणि त्यावर सुनेने विणलेली राखाडी टोपी, बिनगोंड्याची. घट्ट नाही, सैल नाही. कोणीतरी माप घेऊन विणल्यासारखी.

"या काकू," तो म्हणाला. "पकडलंत. टोपीचं तिकीट नाही माझ्याकडे."

काकूंना हसता आलं नाही. "कधी आलास?"

"झाले बरेच दिवस. लष्करी इस्पितळातून थेट."

"आणि कळवलं नाहीस? अरे, आम्ही सगळ्या हार घेऊन आलो असतो, बाजा लावला असता—"

"म्हणून तर नाही कळवलं."

आई दारातच उभी होती. "इस्पितळातून मोजे देतात उरलेल्या पायावर चढवायला," ती घाईघाईने सांगू लागली. "त्या धाग्याने याला पुरळ येतं. त्या पोरीची लोकर मऊ आहे. मी स्वतः विणायला बसले होते. चार सुया हातात घेतल्या की पुढे मोजाच दिसतो. नाही जमलं. देऊन टाकल्या सुया. मागायला तोंड नव्हतं, म्हणून टोप्या नेल्या. दुसरं काही नाही नेलं काकू."

"गोळी लागली?" मीच विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"गोळी लागली असती तर आईने मिरवलं असतं," जवान म्हणाला. "थंडीने गेला. पहाऱ्यावर उभा होतो. बूट आवळत होता. मग आवळायचा थांबला. मला वाटलं, चला, पाय गरम झाला."

"बूट का आवळत होता?"

"काकू," आई म्हणाली, "नका ना विचारू. टोप्या घ्या. माझं नाव सांगा सगळ्यांना, चोर म्हणा. पण हे नका विचारू."

मला तेव्हा कळलं, ती स्वतःसाठी हात जोडत नव्हती.

पण सारा जन्म ज्या बाईने प्रत्येक बाकाशी थांबून विचारलं, तिला हा बाक सोडून पुढे जाता येईना.

"पायात कुठले मोजे होते?"

६. चौकट

आई ओढलेल्या पडद्याकडे बघू लागली. तेच उत्तर होतं.

शेवटी जवान म्हणाला, "बुटात जागा लागते काकू, रक्त फिरायला. आम्हाला शिकवतात. सरकारी मोज्यांवर मी दुसरे चढवले, ती माझी चूक. कोणी जबरदस्ती नव्हती केली. त्यांना घराचा वास होता, एवढंच."

"मी सांगितलं होतं," आई म्हणाली. "फोनवर. वरून आपले घाल म्हणून. तो म्हणाला, बूट घट्ट होतोय. मी म्हटलं..." तिने काकूंकडे बघितलं नाही. "मी म्हटलं, बूट सैल होतो, थंडी होत नाही."

काकू तिथल्या पलंगावर बसल्या. कोणी बसा म्हटलं नव्हतं.

"आणि तेव्हापासून खोकी जात राहिली," त्या म्हणाल्या. "मोजे जात राहिले. तू पंख्याखाली बसून बघत होतीस."

"दर वेळी ठरवून यायचे, आज सांगायचंच. जिना चढले की तुम्ही सगळ्या हसत असायच्यात, मला खुर्ची द्यायच्यात." ती म्हणाली. "कोणाच्या लेकराचा पाय आणि माझी खुर्ची. मी खुर्ची धरून बसले. टोप्यांची चोरी काहीच नाही काकू. चोरी ही आहे."

"मला सांगायला हवं होतंस," असं काकू म्हणू लागल्या आणि मधेच थांबल्या. "मला कोण सांगणार होतं? हा पोरगा विचारून गेला होता ना, बुटात मावेल का. त्याला उत्तर दिलं आणि वर टाळ्या घेतल्या."

त्या उठल्या, जवानाजवळ गेल्या. त्याच्या डोक्यावर हात ठेवावा असा हात उचलला, पण ठेवला नाही. त्यांना तो आपला हक्क वाटला नसावा. त्यानेच तो हात धरला आणि म्हणाला, "काकू, चहा घेऊन जा."

आम्ही घेतला. साखर नव्हती की मला लागली नाही, आठवत नाही.

७. माप

शुक्रवारी खोली भरलेली होती. चोर बघायला नेहमीपेक्षा जास्त जणी आल्या होत्या. मोजे विणायला इतक्या कधी येत नाहीत. सून दाराशी उभी होती, पिशवी खांद्याला, बाहेर काढलं तर लगेच जाता यावं अशी.

टीसी काकू उशिरा आल्या. खोकी जिथून पुढे जातात त्या कचेरीत सकाळीच जाऊन आल्या होत्या. तिथले साहेब म्हणाले होते, असले जाड मोजे वरच्या चौक्यांवर सहसा देत नाही. काकूंनी विचारलं, सहसा म्हणजे? साहेबांना सांगता आलं नव्हतं. वर निरोप धाडतो, एवढं ते म्हणाले.

"सापडला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सापडला. ही पोर नाही. हिची आधी माफी मागा. तुमच्यापासून सुरुवात."

"मी काय केलं? मी आपलं विचारलं—"

"आणि आम्ही ऐकून घेतलं. म्हणून सगळ्यांनी मागायची."

आम्ही पुटपुटलो. माफी मागणं आणि घसा साफ करणं यात आम्ही फार फरक ठेवला नाही. सून गोंधळून 'राहू दे, राहू दे' म्हणत राहिली, जशी चूक तिचीच होती.

"नाव?" मागून कोणीतरी म्हणालं.

"नाव मी सांगणार नाही. टोप्या जिथे हव्या होत्या तिथे गेल्या. पण दुसरं एक नाव सांगते." काकू स्टुलावर चढल्या. दुखऱ्या गुडघ्याने चढल्या, मी धरायला गेले तर हात झटकला. भिंतीवरची चौकट काढली आणि पालथी करून टेबलावर ठेवली. "टीसी-मोजा. तो बुटात पाय आवळतो. आवळलेल्या पायात रक्त फिरत नाही. बर्फात असा पाय मरतो. एकाचा मेलाय. हे मला एका पोराने आधीच विचारलं होतं, आणि मी त्याला हसण्यावारी नेलं."

 मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण आपण तर मायेनेच..."

"हो. मायेला कोणी तिकीट विचारत नाही. मीही नाही विचारलं."

त्यांनी खोक्यातून एक मोजा काढला, पंज्याकडचं टोक कातरलं आणि धागा ओढला. दुहेरी लोकर सरसर सुटू लागली. वीण उसवण्याचा आवाज फार बारीक असतो. इतक्या बायका असून तो ऐकू येत होता. एकेक करून बाकीच्यांनी खोक्यात हात घातले. आपण विणलेला कुठला, हे बघून उचलत होत्या. उसवलेली लोकर माझ्याकडे येऊ लागली, ते माझंच काम. टाक्यांची सवय झालेला धागा लगेच सरळ होत नाही. वाकडाच राहतो, वाफ द्यावी लागते. मी गुंडाळत राहिले आणि वर बघितलं नाही. कोणीच कोणाकडे बघत नव्हतं. जवानाच्या फोटोकडे तर नाहीच.

पंख्याखालची खुर्ची सरकली.

जवानाची आई उठली आणि बायकांमधून वाट काढत दाराशी गेली, सुनेसमोर.

"मला एक टोपी विणून देशील?" ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली, पूर्वी जिन्यातून फोनचं सांगायची तशी. "तुझी गोल. शिवण नको."

"देते की," सून म्हणाली. "कोणासाठी?"

"माझ्या मुलासाठी. घरी आहे तो."

लोकर ओढणारे कितीतरी हात एकदम थांबले.

सुनेने पिशवीतून लोकर काढली. "गोंडा लावू?"

"लाव," जवानाची आई म्हणाली. "घरात घालायचीय. जरा हसेल."

"मग डोक्याचं माप सांगा."

जवानाच्या आईने दोन्ही हातांची बोटं जुळवून गोल केला, आणि आम्हाला सगळ्यांना दिसेल असा वर धरला. तो डोक्यापेक्षा फार लहान होता.